‘इतर कागदपत्रे’ : नाशिकच्या पोलीस आयुक्तांना आणि महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
आणि शहरातील लॉन्स, मंगल कार्यालये व पे-अँड-पार्कचे चालक

विषय : गाडीची काच फोडून होणाऱ्या चोऱ्या आणि त्यांत जाणारी ओळखपत्रे

महोदय,

काच फोडून झालेल्या चोरीची फिर्याद बहुतेक वेळा एकाच साच्यात लिहिली जाते. ‘उभ्या असलेल्या कारची मागील डावी काच फोडून काळ्या रंगाची सॅक, त्यात एक लॅपटॉप, रोख रक्कम व इतर कागदपत्रे अज्ञात इसमाने चोरून नेली.’ लॅपटॉपची कंपनी लिहिली जाते, किंमत लिहिली जाते, रोख रक्कम आकड्यात आणि अक्षरीही लिहिली जाते. हे पत्र आहे ते त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल.

लॅपटॉप एकदा गेला की गेला. तो विकला जातो, पैसे खर्च होतात, चोराच्या लेखी प्रकरण तिथेच संपते. आधार, पॅन, सही केलेले चेक, पगारपत्रके मात्र हातोहाती फिरतात, आणि मालकाला पत्ता लागतो तो वसुलीवाल्याचा फोन आल्यावर. तेव्हा तो ठाण्यातली जुनी फिर्याद काढून बँकेसमोर ठेवतो. बँक विचारते, ‘यात पॅनकार्ड गेल्याचं कुठे लिहिलंय?’ कुठेच लिहिलेले नसते.

यात ठाणे अंमलदाराचा आळस नाही, हिशेबाची पद्धत चुकते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३(२) मध्ये येते. मालाची किंमत पाच हजारांच्या आत, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल परत मिळालेला असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. पोलीस-कोर्टाची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांच्या आतली अशी चोरी अदखलपात्र आहे. आता ज्याच्या सॅकमध्ये फक्त कागद होते त्याचा हिशेब मांडून पाहा. सॅक आठशेची, कागद शून्याचे. झाली एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. तपास नाही, फुटेज मागवणे नाही. चोर अजून सापडलेलाच नाही, मग त्याचा हा पहिला गुन्हा की पंधरावा हे कुणी ठरवले? न्याय संहितेचेच कलम ३०५ माणसे किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरण्याबद्दल आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, किमतीची अट नाही. खासगी मोटार त्यात बसते की नाही यावर वकील वाद घालतील. तो वाद कोर्टात होऊ द्या, अंमलदाराच्या टेबलावर नको.

तिसरी वाट ‘गहाळ’ दाखल्याची. घाईत असलेल्या माणसाला ती सोयीची वाटते. ऑनलाइन भरा, दाखला घ्या, दुबार कार्ड काढा. पण गहाळ म्हणजे हातून हरवले, आणि फुटलेल्या काचेतून गेलेली वस्तू हरवलेली नसते. पुढे आपल्या नावावर निघालेले कर्ज नाकारायचे झाले, तर ‘अमुक तारखेला चोरी झाली’ हे दाखवणारा कागदच लागतो. म्हणून पहिली मागणी साधी आहे : काच फुटली असेल तिथे गहाळ दाखल्यावर बोळवण करू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुणाचीही असली तरी खबर नोंदवून घेता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची असते. फिर्यादीला प्रत विनामूल्य द्यायची असते. हे सगळे सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, गंगापूर, अंबड अशा प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत मोठ्या अक्षरांत लागले, तरी निम्मी हुज्जत वाचेल.

दुसरी मागणी एका तक्त्याची. फिर्यादीला जोडायचे एक पान, त्यात कागदाचा प्रकार, मूळ की झेरॉक्स, क्रमांकाचे शेवटचे चार अंक, त्यावर सही होती का, चेक असतील तर कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत, गाडी लावल्याची वेळ आणि काच फुटलेली दिसल्याची वेळ. शेवटचे चार अंकच का, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे सोडून एफआयआर संकेतस्थळावर चढवली जाते. तिच्यात फिर्यादीचा पूर्ण आधार क्रमांक टाइप केला, तर चोराने एकाला दाखवलेले ठाण्याने जगाला दाखवल्यासारखे होते.

तिसरी मागणी वाहतूक शाखेकडे. लोक मूळ आरसी (गाडीचे नोंदणीपत्र), विमा आणि लायसन्स डॅशबोर्डच्या कप्प्यात का ठेवतात? मुंबई नाक्याला किंवा द्वारका चौकात हात दाखवून थांबवले तर ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणतील या धास्तीने. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये नोव्हेंबर २०१८ मध्येच बदल झाला असून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत ग्राह्य आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून तर पोर्टलवर पडताळता येणारा कागद प्रत्यक्ष मागायचाच नाही असा नियम आहे. चौकातल्या शिपायापर्यंत हे लेखी पोहोचले तर हजारो कप्पे आपोआप रिकामे होतील. गाडीवाल्यांनीही एक लक्षात घ्यावे : आरसीचा फोटो मोबाइलच्या गॅलरीत ठेवणे म्हणजे डिजिलॉकर नव्हे. खात्याकडून थेट उतरवलेली, ‘इश्यूड’ भागात दिसणारी प्रतच चालते.

आता कागदांनी नेमके काय बिघडते ते स्पष्ट लिहितो, कारण याबाबत अर्धे मेसेज घाबरवणारे आणि अर्धे बेफिकीर करणारे फिरतात. आधारची नुसती झेरॉक्स चोराच्या हाती पडल्याने खाते रिकामे होत नाही. ऑनलाइन पडताळणीला ओटीपी किंवा बोटाचा ठसा, चेहरा अशी शरीराची ओळख लागते. नुसत्या कागदांवर नवे सिम देणेही १ जानेवारी २०२४ पासून बंद झाले आहे. आता जागेवर फोटो काढून डिजिटल केवायसी होते. धोका कागद एकत्र आले की सुरू होतो. आधार आणि फोन एकाच सॅकमध्ये गेले आणि फोनला स्क्रीनलॉक नसले, किंवा लॉक असूनही ओटीपीचा संदेश बंद पडद्यावर झळकत असला, तर ओटीपीही चोराच्याच हातात. सिमला पिन लावलेला नसेल तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की झाले. बँकेत द्यायला म्हणून नेलेली कर्जाची फाइल, म्हणजे पॅन, तीन महिन्यांची पगारपत्रके, रद्द केलेला चेक, दोन फोटो आणि प्रत्येक पानावर सही, ही तर चोराला तयार ताट वाढून दिल्यासारखी. त्याने फक्त फोटो बदलायचा.

सेकंडहँड गाडीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. विकणाऱ्याने सह्या करून दिलेले, गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, पेठ रोडच्या आरटीओत ‘जाऊ एकदा’ म्हणून महिनोन्महिने कप्प्यात पडून असतात. सोबत मूळ आरसी, आणि कधी कधी त्याच कप्प्यात गाडीची दुसरी किल्लीही. मग चोराला काच फोडून सॅक नेण्याची गरज उरत नाही, तो गाडीच घेऊन जातो. गाडी चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक गाडीतच होती म्हटल्यावर निष्काळजीपणाचा शेरा ठरलेला. आणि आरसीवर घरचा पत्ता असतो. सॅकमध्ये घराची किल्ली असेल तर त्याच संध्याकाळी कुलूप बदला. 

दिंडोरी, निफाड, सिन्नरहून दुय्यम निबंधकाकडे किंवा तहसीलला येणाऱ्या गाड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये सातबारा, फेरफार, मूळ खरेदीखत आणि सगळ्या वारसांच्या आधारच्या झेरॉक्स. सातबारा गेल्याची चिंता नको, तो कुणालाही ऑनलाइन दिसतो. पण मूळ खरेदीखत आणि वारसांचे आधार मिळून तोतया मालक उभा करायचे साहित्य होते. अशी फाइल गेली तर फिर्यादीची प्रत जोडून त्या हद्दीच्या दुय्यम निबंधकाला आणि तलाठ्याला लेखी कळवा व पोहोच घ्या. खरेदीखताची प्रमाणित नक्कल निबंधक कार्यालयातून मिळते. पुढचे वर्षभर दर पंधरा दिवसांनी महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावाच्या फेरफार नोटिसा बघा, कारण हरकतीची मुदतही पंधराच दिवसांची असते. महिन्याने बघितले तर नोंद प्रमाणित होऊन बसलेली असू शकते.

काचेविषयी थोडेसे. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकते पण जागेवर राहते. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतात, एका ठोक्यात खडीसाखरेसारखा चुरा होतो. आवाज फारसा नाही, वेळ काही सेकंदांचा. म्हणजे काच हे संरक्षण नाहीच. चोर ठोका मारतो तो आत काही दिसले म्हणून. लॅपटॉपच्या सॅकचा पट्टा, बँकेच्या नावाची फाइल, सीटवर टाकलेले जॅकेट (खाली काहीतरी झाकले आहे हे तेच सांगते), चार्जरची लोंबती वायर. सामान डिकीत ठेवायचे असेल तर निघतानाच ठेवा. ठिकाणावर पोहोचून, चार जणांदेखत डिकी उघडून सॅक आत टाकणे म्हणजे पत्ता सांगणे. हॅचबॅकमध्ये मागची सीट एका खटक्यात पडते, तेव्हा तिथली डिकी म्हणजे पडद्यामागचे सीटच समजा. रिमोटने लॉक केल्यावर इंडिकेटर लुकलुकले का ते बघा आणि एकदा हँडल ओढून पाहा. रिमोटचा सिग्नल दाबून टाकणारी यंत्रे मिळतात, गाडी उघडीच राहते, आणि मग पंचनाम्यात काच फुटल्याचेही लिहिता येत नाही. ‘साहेब, ऑइल गळतंय’, ‘ताई, टायर बसलाय’ असे कुणी म्हटले तर आधी सॅक हातात घ्या, मग खाली उतरा. काळी फिल्म हा उपाय नव्हे. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायला हवा असा नियम आहे, आणि त्या मर्यादेतल्या काचेतून सॅक दिसतेच.

चोराला जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. मालक किती वेळ परतणार नाही हे जिथे बाहेरूनच कळते, तिथे काम सोपे. गंगापूर रोडच्या लॉन्सवर अक्षता पडायला अर्धा तास असताना आत गेलेला माणूस जेवल्याशिवाय येत नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढू लागलेला माणूस तासभर तरी खाली उतरत नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे फेऱ्या मारणारे पर्स सीटखाली सरकवून जातात, आणि किती फेऱ्या हे रोजचे ठरलेले असते. सोमेश्वर, रामकुंड, तपोवनचेही तेच. गस्त या वेळा बघून लावावी, ही चौथी मागणी.

आता महापालिका आणि लॉन्सवाले. ‘सीसीटीव्ही आहे’ हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही, कारण आकडेमोड वेगळेच सांगते. चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दोन एमबीपीएसवर चोवीस तास चालला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी भरतो. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीत, एक टीबीची डिस्क असेल तर सहाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. बाहेरगावचा पाहुणा घरी पोहोचून, सॅक शोधून, पुन्हा नाशिकला येईपर्यंत काही उरत नाही. तीस दिवस ठेवायचे तर सुमारे ५.२ टीबी भरतात, म्हणजे सहा टीबीची डिस्क लागते. दुसरे, कॅमेऱ्याची नजर. या कॅमेऱ्याचे चित्र २५६० ठिपके रुंद असते. वीस मीटर रुंदीचा वाहनतळ एकाच चौकटीत घेतला, तर अर्ध्या मीटरच्या नंबरप्लेटच्या वाट्याला ६४ ठिपके येतात, आणि ‘एमएच १५’पासूनची दहा अक्षरे त्यात बसवायची. नंबर वाचता येणे शक्यच नाही. आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर चौकट सहा मीटरवर आणणारा एकेक कॅमेरा लावला की तीच प्लेट दोनशे ठिपक्यांवर जाते. रात्री हेडलाइटने प्लेट पांढरीफटक होते, म्हणून कॅमेरा थेट समोर न लावता थोडा बाजूने आणि दिव्यांच्या झोतापेक्षा वर हवा. डीव्हीआरचे घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी जुळवा. वीस मिनिटांच्या चुकीपायी बचावाचा वकील सगळे फुटेज उडवून लावतो.

आणि स्क्रीनवर चाललेल्या फुटेजचे मोबाइलने चित्रीकरण करून ते पोलिसांना पाठवणे थांबवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत हॅश किमतीसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) प्रमाणपत्र लागते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवायची, ती उघडून काटछाट करायची नाही. महापालिकेने पे-अँड-पार्कच्या पुढच्या करारात तीस दिवसांचा साठा, दोन्ही वाटांवर नंबर वाचणारे कॅमेरे आणि चोवीस तासांत फुटेज राखून ठेवण्याची अट घालावी. लॉन्सवाल्यांना आणखी एक सांगणे. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ हा फलक सगळ्यांतून सोडवत नाही. किल्ली ताब्यात घेऊन गाडी लावून देणाऱ्या हॉटेलला निष्काळजीपणा असल्यास असा फलक वाचवणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. ते प्रकरण अख्खी गाडी चोरीला गेल्याचे होते, पण व्हॅले पार्किंगचा पोरगा किल्ल्यांचा जुडगा खुर्चीवर टाकून जेवायला जातो तेव्हा ते आठवावे.

२ ऑगस्ट २०२७ला सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे, दुसरे ३१ ऑगस्टला. बाहेरच्या वाहनतळांवर परगावच्या गाड्या दहा-बारा तास बेवारस उभ्या राहतील आणि प्रत्येकीत कुटुंबाची ओळखपत्रे असतील, कारण लॉजवाला आधार मागतो. प्रत्येक बाह्य वाहनतळावर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवणारे टेबल, वरचा तक्ता हिंदीतही, आणि पंचवटीतल्या लॉजना शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार स्वीकारण्याची लेखी सूचना, एवढे आताच ठरवता येईल. लॉजच्या काउंटरखाली साठलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यांचे पुढे काय होते हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. रद्दीच्या दुकानात त्यातच भेळ बांधून मिळाली तर आश्चर्य नको.

ज्यांची काच फुटली आहे त्यांच्यासाठी कामांचा क्रम. काचेला हात लावण्याआधी फोटो काढा : पूर्ण गाडी नंबरसह, फुटलेली काच, आतला चुरा, आजूबाजूचे कॅमेरे. फोन गेला असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेचे कार्ड आणि यूपीआय. गेलेल्या चेकचे क्रमांक देऊन ‘स्टॉप पेमेंट’ करा. हँडसेटचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा क्रमांक) दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक होतो, त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत लागते. ती मिळाल्यावर ते करा. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे ठशावर पैसे काढण्याची वाट बंद होते. अडचण आली तर आधारची मदतवाहिनी १९४७. आधार क्रमांक बदलून मिळत नाही, त्यामुळे नव्या कार्डाने जुना धोका जात नाही, लॉकनेच जातो. १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी पैसे गेल्यावरची आहे. नुसते कागद गेले म्हणून तिथे फोन करून उपयोग नाही, पण खात्यातून रुपया जरी हलला तर पहिला फोन तिथेच. बँक आणि ग्राहक दोघांचीही चूक नसलेल्या ऑनलाइन व्यवहारात, बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोटा येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात आहे.

त्यानंतर वाट पाहायची आणि बघत राहायचे. संचार साथीवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते. अनोळखी असेल तिथे ‘माझा नंबर नाही’ नोंदवा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही एकदम काढू नका. चोरीनंतर दीड महिन्याने पहिला, मग दर तीन महिन्यांनी एक. जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना निदान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दीड महिन्यात खोटे कर्ज सहसा दिसू लागते. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. ती मागा, लाजू नका. जीएसटी पोर्टलवर आपला पॅन टाकून पाहा. आयुष्यात दुकान न टाकलेल्या माणसाच्या नावावर तिथे फर्म निघू शकते. प्राप्तिकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरणही चाळा.

विम्याचे दोनच मुद्दे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत काच मिळत नाही, आणि सर्वंकष पॉलिसीतही गाडीतले सामान सहसा मिळत नाही. एका छोट्या काचेसाठी दावा करण्याआधी नो-क्लेम बोनस किती जातो ते मोजा. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर हप्त्यातली ही सूट पन्नास टक्क्यांवर पोहोचलेली असते, आणि बरेचदा काच खिशातून बसवलेलीच परवडते.

वर म्हटलेल्या तक्त्याचा एक पानी नमुना मराठी आणि हिंदीत आम्ही तयार करून देऊ. परिमंडळातल्या कोणत्याही एका ठाण्यात तो तीन महिने चालवून पाहावा. कोणते रकाने लोकांना भरता येत नाहीत आणि कोणते अंमलदाराला नकोसे होतात हे कळले की सिंहस्थाआधी तो दुरुस्त करायला पुरेसा अवधी राहील.

आपले,
गाडीच्या काचा, विमा, बँक आणि कॅमेऱ्यांच्या कामात असलेली काही नाशिककर मंडळी